अ‍ॅक्सेस पॉइंटचे रेडिओ कसे लावायचे: इंदूरच्या घरांसाठी, वाड्यांसाठी आणि हॉस्टेलांसाठी

"रेंज फुल आहे, पण काही उघडत नाही." ही तक्रार भंवरकुआच्या हॉस्टेलात जितकी ऐकू येते तितकीच रामबागेतल्या जुन्या घरातही. बहुतेकांचा उपाय ठरलेला: आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, आणा, नाहीतर आहे त्याचा जोर वाढवा. या दोन्हींनी पुष्कळदा दुखणे वाढते. वायफायमध्ये हवा एकच असते आणि एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचे असते. त्यामुळे कोणी, कुठे, किती रुंदीत आणि किती जोराने बोलायचे हे ठरवणे म्हणजेच रेडिओ सेटिंग. कंपनीतून येणारी मूळ सेटिंग डबा एकटा असेल असे धरून केलेली असते. आपल्याकडे तो क्वचितच एकटा असतो.

हा लेख एक ते सहा-आठ एपी बसवणाऱ्या नवख्यांसाठी आहे. (अ‍ॅक्सेस पॉइंटला पुढे एपीच म्हणू.) टीपी-लिंक ओमाडा, युबिक्विटी युनिफाय, अरुबा, मायक्रोटिक यांच्यात मेनूंची नावे थोडी इकडेतिकडे असतात, पण सेटिंग तीच.

हात लावण्याआधी

लॅपटॉप केबलने जोडूनच बसा. रेडिओचे सेटिंग सेव्ह केले की वायफाय काही सेकंद बंद पडते. वायफायवरूनच बदल करत असाल तर आपणच बाहेर फेकले जाता आणि बदल झाला की नाही तेही कळत नाही. एपीचा पत्ता आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो. पहिले काम बॅकअप फाइल उतरवून ठेवण्याचे.

दुसरे काम फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याकडे पाहण्याचे. त्यातही वायफाय असते, आणि आपला एपी त्याच्याच शेजारी लावला की दोघे एकमेकांच्या डोक्यावर बोलत राहतात. तुमचा एपी घर नीट सांभाळणार असेल तर त्या डब्याचे दोन्ही रेडिओ (वायफायच्या २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांचे) बंद करा. एपी म्हणून जुना राऊटर वापरत असाल तर त्याचा मोड "अ‍ॅक्सेस पॉइंट" करा. नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात, मग प्रिंटर एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्यात. रेडिओ कितीही नीट लावला तरी ही गफलत वायफायच्याच नावावर खपते.

मोजल्याशिवाय काही बदलू नका

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर जातीचे कुठलेही अ‍ॅप चालेल. अँड्रॉइडमध्ये एक मेख आहे: आवृत्ती ९ पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत फक्त चार वेळा स्कॅन करता येते. त्यामुळे तुम्ही पुढच्या खोलीत पोहोचता आणि पडद्यावर मागच्या खोलीचेच आकडे असतात. आवृत्ती १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे स्कॅन थ्रॉटलिंग बंद करता येते. मोजणीपुरते बंद करा. आयफोनवर अ‍ॅपलचे एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपखाली वायफाय स्कॅनर चालू करा. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की चॅनेल, सिग्नल आणि नॉइज (मागचा गोंगाट) तिन्ही दिसतात.

आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचे माप; दोन आकड्यांतला फरक डीबीत सांगतात) आणि उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉलला उणे ६७ किंवा त्याहून बरा हवा. उणे ७५ ला व्हॉट्सअ‍ॅप चालते, क्लास अडखळतो. उणे ८० च्या पुढे सिग्नल दिसतो एवढेच. दर ३ डीबीला ताकद दुप्पट किंवा निम्मी होते हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत.

मोजणी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान करा, शेजारीपाजारी घरी असताना. दुपारी तीनला रिकामे दिसणारे चॅनेल रात्री तुडुंब भरलेले असते. दारे लावून, फोन हातात धरून, जिथे माणूस प्रत्यक्ष बसतो तिथेच मोजा: पलंगावर, अभ्यासाच्या टेबलाशी, ओट्याजवळ. कागदावर तीन गोष्टी लिहा: खोली, आपल्या एपीचा आकडा, आणि उणे ८० पेक्षा बरे दिसणारे शेजाऱ्यांचे एपी कोणत्या चॅनेलवर आहेत ते.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यात असे आकडे येतात असे धरा: बैठकीत उणे ४८, मधल्या खोलीत उणे ६३, मागच्या स्वयंपाकघरात उणे ८१. म्हणजे मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातच १८ डीबी गेले. तिथे दीड-दोन फुटांची भिंत आहे, किंवा तिला टेकून लोखंडी कपाट उभे आहे. एपीचा जोर कमाल केला तरी हाती ३ ते ६ डीबी लागतील आणि आकडा उणे ७५ पाशी अडकेल. इथे सेटिंगचा उपाय नाही. भिंतीतून केबल नेऊन पलीकडे दुसरा एपी लावणे हाच मार्ग. उलट राजेंद्र नगरातल्या साडेचार इंची अंतर्भिंतींच्या घरात नीट मधोमध लावलेला एकच एपी बहुधा पुरतो. आरसीसीचा स्लॅब मात्र आत सळ्या असल्याने वरच्या मजल्याचा बराच सिग्नल खातो. मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि होळीनंतर खिडकीत बसणारा लोखंडी कूलर यांनाही हिशेबात धरा. फेब्रुवारीत केलेली मोजणी एप्रिलमध्ये त्या एका खोलीपुरती खोटी ठरते.

देश आणि सुरक्षा

देश किंवा रीजन "इंडिया" ठेवा. कोणती चॅनेल दिसतील आणि जोर कुठवर जाईल हे त्यावरून ठरते. आपल्याकडे २.४ गीगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनेल मोकळी आहेत. ५ गीगाहर्ट्झमध्ये ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येऊ लागला. जोर वाढेल म्हणून देश बदलून पाहण्याची युक्ती व्हिडिओंत खूप फिरते. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय आपल्या फोनला त्या देशाची चॅनेल माहीत नसली तर नेटवर्क दिसेनासे होते. अमेरिकेतून कुणी हौसेने आणलेल्या डब्यात देश बदलताच येत नाही असेही होते. तो घेण्याआधी विचारा.

सुरक्षेत, म्हणजे पासवर्ड तपासण्याच्या आणि माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीत, डब्ल्यूपीए२ आणि एईएस, किंवा डब्ल्यूपीए२ व ३ मिश्र. टीकेआयपी ही जुनी पद्धत कुठे दिसली तर काढा. हा विषय पासवर्डपुरता नाही: टीकेआयपी चालू असेल तर वायफाय ४ आणि पुढच्या पिढ्यांचे वेग मिळतच नाहीत, जोडणी ५४ एमबीपीएसवर अडते. शंभर-दोनशेचा प्लॅन घेऊन वीस-बावीसवर बसलेल्या जुन्या जोडण्यांत हे कारण सापडते.

२.४ गीगाहर्ट्झ: १, ६, ११, बस

चॅनेल तेरा असली तरी ती पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि सिग्नलची रुंदी २० आहे. म्हणून एकमेकांना न शिवणारी तीनच उरतात. "१ वर गर्दी आहे, म्हणून ३ घेतो" हा विचार सरळ वाटतो, पण उलटा पडतो. एकाच चॅनेलवरचे दोन एपी एकमेकांचे बोलणे समजून घेतात आणि थांबतात. ३ वरच्याला १ वरचे बोलणे समजत नाही. त्याला तो नुसता गोंगाट असतो, आणि तो ६ वाल्यांनाही त्रास देतो. म्हणजे दोन्हीकडचे बिघडते. तुमच्या कागदावर १, ६, ११ पैकी ज्यावर उणे ८० पेक्षा बरे एपी सर्वांत कमी असतील ते घ्या. १२ आणि १३ टाळा, काही परदेशी लॅपटॉपना ती दिसत नाहीत.

रुंदी २० मेगाहर्ट्झ. "२०/४०" किंवा "ऑटो" असेल तरी २० करा. ४० घेतली तर तीनांतली दोन चॅनेल एकट्याने अडवली जातात.

मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्याचा मारा ६ ते ११ च्या टापूत जास्त बसतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या एपीला १ देऊन पाहा. सोसायटीत दुसरा पर्यायच नसेल तर फार जीव लावू नका. २.४ हा स्मार्ट प्लग, दारावरची बेल आणि जुन्या प्रिंटरांचा पट्टा मानावा. माणसांना ५ वर आणणे हे खरे काम.

५ गीगाहर्ट्झ: इथे जागा आहे, पण रुंदीचा मोह नको

चॅनेलांचे तीन गट करा. ३६, ४०, ४४, ४८ हे खालचे. १४९, १५३, १५७, १६१, १६५ हे वरचे. मधली ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही डीएफएसची, म्हणजे रडारसोबत वाटून घ्यायची.

डीएफएस चॅनेल घेतले की एपी आधी ६० सेकंद नुसते ऐकतो. "सेव्ह केले आणि ५ गीगाहर्ट्झ गायब झाले" हा घोळ त्या एका मिनिटाचा असतो. धीर धरा, पुन्हापुन्हा रीस्टार्ट करू नका. प्रत्येक वेळी ते मिनिट नव्याने सुरू होते. चालू असताना रडारसारखे काही ऐकू आले तर एपीला दहा सेकंदांत चॅनेल सोडावे लागते आणि तीस मिनिटे तिथे परत येता येत नाही. १२०, १२४, १२८ हा हवामान रडारांचा टापू, त्यासाठी काही एपी दहा मिनिटांपर्यंत ऐकत बसतात. ही तीन सोडूनच द्या. तुमच्या गच्चीवर रडार ऐकू येते का, हे नकाशावरून सांगता येत नाही. ५२ लावा, आठवडाभर चालवा, एपीच्या लॉगमध्ये रडारची नोंद शोधा. एकही नसेल तर खुशाल वापरा. शिवाय काही जुन्या टीव्ही आणि टीव्हीला लावायच्या स्टिकना डीएफएस चॅनेल दिसतच नाहीत, हे टीव्हीसमोर बसून एकदा तपासा.

आता रुंदी. ८० मेगाहर्ट्झ घेतले की डब्याच्या खोक्यावरचा मोठा आकडा मिळतो. दोन अँटेनांच्या वायफाय ६ फोनला ८० वर जोडणीचा कमाल वेग १२०१ एमबीपीएस, ४० वर ५७४, २० वर २८७. पण डीएफएस सोडले तर ८० ची जागा सगळ्या हवेत दोनच आहेत: ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. तिसरा एपी आला की कुणाच्या तरी अंगावर बसणार. ४० घेतले तर चार जागा, २० घेतले तर नऊ. रुंदी दुप्पट केली की नॉइजही ३ डीबीने वाढतो, म्हणजे लांबच्या खोलीत तोच सिग्नल कच्चा पडतो.

आमचा ठोकताळा: घरात एकच एपी आणि शेजार विरळ असेल तर ८०. दोन-तीन एपी किंवा फ्लॅटची इमारत असेल तर ४०. हॉस्टेल, कोचिंग, मंगल कार्यालय असेल तर २०. तीनशेची लाइन पन्नास जणांत वाटायची असताना एकेकाला बाराशेचा रस्ता देऊन काही साधत नाही.

जोर: सगळ्यात जास्त बिघडवले जाणारे सेटिंग

एपीचा जोर डीबीएममध्ये: २० म्हणजे १०० मिलिवॉट, १७ म्हणजे ५०, १४ म्हणजे २५. बऱ्याच डब्यांत "ऑटो" म्हणजे प्रत्यक्षात जवळपास पूर्ण जोर.

फोनचा स्वतःचा जोर साधारण १२ ते १६ डीबीएम असतो आणि बॅटरी वाचवायची म्हणून तो तेवढाच राहणार. धरा, एपी २६ वर ओरडतो आहे आणि फोन १४ वर बोलतो आहे. दोघांत १२ डीबीचा फरक. फोनला एपी उणे ६८ ने छान ऐकू येतो, दांड्या भरतात. एपीला मात्र फोन उणे ८० ने ऐकू येतो. एपीचा कान फोनपेक्षा तिखट असतो, त्यामुळे थोडी भरपाई होते. सगळी होत नाही. मग पानाची मागणी जातच नाही, किंवा तीन-तीनदा जाते. "रेंज फुल, पण उघडत नाही" चे हे पहिले कारण. रात्री सराफ्यात एका दुकानाने भोंगा लावला म्हणून समोरच्या गिऱ्हाइकाचा आवाज काही मोठा होत नाही.

दुसरे नुकसान फिरण्यात होते. कोणत्या एपीला चिकटायचे हे फोन ठरवतो, एपी नाही. तळमजल्याचा एपी पूर्ण जोरात असेल तर दुसऱ्या मजल्यावर गेलेला फोन त्यालाच धरून बसतो, डोक्यावर नवा एपी असूनही.

सुरुवात अशी करा. एकापेक्षा जास्त एपी असतील तर ५ गीगाहर्ट्झला १७ आणि २.४ ला ११ डीबीएम. दोघांत ६ चा फरक मुद्दाम आहे: तेवढ्याच अंतरावर ५ चा सिग्नल आपसूक ६-७ डीबीने कमी पोहोचतो, म्हणून २.४ तेवढा खाली आणला की फोनला दोन्ही सारखे दिसतात आणि तो ५ पसंत करतो. डब्यात आकडा नसून "लो, मीडियम, हाय" असेल तर ५ ला मीडियम, २.४ ला लो. घरात एकच एपी असेल तर फिरण्याचा प्रश्नच नाही. २० आणि १४ चालतील. मग पुन्हा मोजा. ज्या खोलीत ५ चा आकडा उणे ६७ पेक्षा वाईट आला तिथला एपी ३ डीबीने वाढवा. एका वेळी एकच एपी, एकच बदल.

खालचा वेग आणि नावांची गर्दी

हे सेटिंग नवखे पाहतही नाहीत, पण गर्दीच्या जागी सर्वांत जास्त फरक याने पडतो. एपी प्रत्येक वायफाय नावासाठी (एसएसआयडी) सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी इथे आहे" असा बीकन पाठवतो, आणि तो सर्वांत कमी वेगाने जातो. २.४ मध्ये मूळचा सर्वांत कमी वेग १ एमबीपीएस. अडीचशे बाइटचा बीकन त्या वेगाने पाठवायला साधारण २.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नावामागे हवेचा सुमारे २ टक्के वेळ गेला. आता तीन एपी एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येत आहेत आणि प्रत्येकावर चार नावे आहेत असे धरा: स्टुडंट, ऑफिस, गेस्ट, सीसीटीव्ही. झाले बारा बीकन. चौथाई हवा कुणी एक अक्षर न पाठवताच संपली.

म्हणून नावे दोन, फार तर तीन. २.४ मध्ये ८०२.११बी बंद करा, म्हणजे १, २, ५.५ आणि ११ हे वेग जातात. किमान वेग ६ किंवा १२ ठेवा. ५ मध्ये १२, दाटीच्या हॉस्टेलात २४. एखादा जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग यानंतर जोडेनासा झाला तर सगळीकडे खाली उतरू नका. त्याच्या जवळच्या एका एपीवरच ६ करा.

घरात दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावे आणि २.४ पुरते एक वेगळे नाव फक्त उपकरणांसाठी ठेवावे. स्मार्ट प्लग जोडताना फोनही त्याच २.४ च्या नावावर लागतो, नाहीतर अ‍ॅप "डिव्हाइस सापडले नाही" म्हणत बसते. नाव लपवू नका. सुरक्षा काही वाढत नाही, आणि डीएफएसवर लपवलेले नाव फोनला शोधायला त्रास होतो.

एका एपीवरून दुसऱ्यावर

सगळ्या एपींवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकच हवा. ८०२.११के आणि व्ही चालू करा, त्यांनी फोनला शेजारच्या एपीची माहिती मिळते. ८०२.११आर ने उडी झटपट होते, पण काही प्रिंटर आणि कॅमेरे त्यामुळे जोडतच नाहीत. ते चालू करून दोन दिवस पाहा. "मिनिमम आरएसएसआय", म्हणजे सिग्नल फार कमी झाला की फोनला ढकलून देणारे सेटिंग, सर्वांत शेवटी, आणि उणे ७८ च्या आसपासच. ते उणे ७० ला लावले तर दोन एपींच्या मधल्या खोलीतला फोन दोघांकडून हाकलला जातो आणि दर अर्ध्या मिनिटाला तुटतो.

बीकन इंटरव्हल १००, आरटीएस थ्रेशोल्ड, फ्रॅग्मेंटेशन, डीटीआयएम यांना हात लावू नका. बीमफॉर्मिंग आणि ओएफडीएमए चालू राहू द्या. वायफाय ६ चालू केल्यावर एखाद्या जुन्या लॅपटॉपला नेटवर्कच दिसेनासे झाले तर त्याच्या इंटेल वायफाय कार्डचा ड्रायव्हर नवा करा. जुन्या ड्रायव्हरांचा हा माहितीतला दोष आहे.

एक हॉस्टेल मांडून पाहू

तीन मजले, मधे व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्याला आठ. खोलीत दोघे, म्हणजे ४८ विद्यार्थी. फोन आणि लॅपटॉप धरून ९६ उपकरणे. मजल्याला दोन असे सहा एपी पुरेत, एकामागे सोळा उपकरणे.

कंत्राटदार ते व्हरांड्यात लावणार, कारण केबल सोपी जाते. तिथेच चूक होते. व्हरांड्यात एपी एकमेकांना मोकळ्या हवेतून स्वच्छ दिसतात आणि खोलीतल्या फोनला मात्र भिंतीतून बोलावे लागते. आपल्याला नेमके उलटे हवे. एपी खोल्यांच्या आत छताला लावा, एक व्हरांड्याच्या एका टोकाकडे आणि एक दुसऱ्या टोकाकडे. प्रत्येक मजल्यावर जागा एक खोली सरकवा, म्हणजे ते एकावर एक येत नाहीत.

५ गीगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झ रुंदी, १४ ते १७ डीबीएम. तळमजल्याला पूर्वेचा ३६ आणि पश्चिमेचा १४९. पहिल्या मजल्याला पूर्वेचा १५७, पश्चिमेचा ४४. दुसऱ्याला पूर्वेचा ४०, पश्चिमेचा १६१. सहा एपी, सहा वेगळी चॅनेल. समोरासमोर किंवा वरखाली असलेल्यांपैकी एक नेहमी खालच्या गटातला आणि एक वरच्या. शेजारच्या हॉस्टेलाने तीच चॅनेल भरली असतील तर ५२ ते ६४ मधली घ्या.

२.४ साठी चॅनेल तीनच, म्हणून सहाही चालू ठेवायचे नाहीत. तळमजल्यावर १ आणि ६. पहिल्यावर पूर्वेला ११, पश्चिमेचा २.४ बंद, दुसऱ्यावर ६ आणि १. पहिल्या मजल्याच्या पश्चिमेला वरून-खालून पुरेसा सिग्नल झिरपतो. मालकांना "एक रेडिओ बंद ठेवला" हे ऐकून पैसे वाया गेल्यासारखे वाटते. बंद केल्यावरचे आकडे त्यांच्याच फोनवर दाखवा.

चॅनेल इथे हातानेच ठरवा. "ऑटो" ठेवायचेच असेल तर पहाटे चारचे वेळापत्रक द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री अकराला चॅनेल बदलले की अख्खा मजला एकदम तुटतो.

रेडिओच्या नावावर खपणारे इतर आजार

केबल. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते म्हणून खपते. त्यातून पीओईने (नेटवर्कच्या केबलमधूनच एपीला वीज देण्याची सोय) वीज नेली की लांबवर व्होल्टेज पडते आणि एपी रात्री वापर वाढला की स्वतःच रीस्टार्ट होतो. शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, शंभर मीटरच्या आत. स्विचमध्ये लिंक १००० ऐवजी १०० दिसत असेल तर आठांतली एखादी तार नीट क्रिम्प झालेली नाही. पीओईचा प्रकारही जुळवा: ८०२.३एएफ स्विचकडून १५.४ वॉट देतो, ८०२.३एटी ३०. एटी मागणाऱ्या एपीला एएफ दिला तर काही एपी चालू तर होतात, पण गुपचूप अँटेना किंवा जोर कमी करून.

बिनकेबलचा मेश, म्हणजे एपींनी एकमेकांना हवेतूनच जोडून घेणे. एकच रेडिओ फोनशीही बोलणार आणि मुख्य एपीशीही, म्हणजे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा. वाड्यात भोक पाडायला घरची मंडळी तयार नसतील तरच हा मार्ग, आणि तोही एका टप्प्यापुरता.

उष्णता. घरात लावायचे बहुतेक एपी ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याखाली किंवा बंद लाकडी खोक्यात तो आकडा सकाळीच ओलांडला जातो.

आणि खुद्द इंटरनेट. वायफायला दोष देण्याआधी लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. मग वायफायवर येऊन बाहेरच्या साइटला नव्हे, घरातल्या राऊटरलाच शंभर वेळा पिंग करा (छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहणे). त्याच खोलीत उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवे. मधूनमधून शंभर-दोनशेवर उड्या जात असतील किंवा पाकिटे हरवत असतील तर दोष हवेत आहे. पिंग स्वच्छ आणि तरी पान उघडत नसेल तर फोन फायबरवाल्याला करा.

सगळे जमल्यावर प्रत्येक एपीसाठी एक ओळ लिहा: जागा, दोन्ही चॅनेल, रुंदी, जोर, किमान वेग, तारीख. तो कागद मेन स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फर्मवेअर (एपीच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर त्यावरून देश, रुंदी आणि जोर हे तीन रकाने ताडून पाहा. अपडेटनंतर ही सेटिंग मूळपदावर गेलेली आढळतात, आणि ८० मेगाहर्ट्झ पूर्ण जोरात परत सुरू झाल्याचे कुणी सांगायला येत नाही.